मराठवाड्यात डोंगर आणि जंगल यांतून जाणारे, रोड बाईकला झेपतील असे मार्ग कोणते?

चाकोरीबाहेर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दोन महिला आणि दोन पुरुष असे चौघे छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि गेल्या वर्षीपासून नियमित सायकल चालवतो. आतापर्यंतचा आमचा सराव जालना रस्ता आणि पैठण रस्ता या दोन सपाट आणि रहदारीच्या मार्गांवरच झाला आहे. समृद्धी महामार्गावर सायकलींना मज्जाव आहे आणि शहरालगतच्या बाह्यवळणांवर ट्रकच्या शेजारून चालवण्याचा आता कंटाळा आला आहे. सह्याद्रीतील घाटांची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात, परंतु प्रत्येक वेळी पुणे किंवा नाशिकपर्यंत सायकली गाडीवर लादून नेणे आम्हांला परवडणारे नाही.

आमच्या सायकली रोड बाईक प्रकारच्या असून त्यांचे टायर 25 मिलिमीटरचे आहेत, त्यामुळे मुरमाचे किंवा उखडलेले रस्ते आम्हांला चालणार नाहीत. सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येईल असे साठ ते शंभर किलोमीटरचे एक-दोन मार्ग हवे आहेत. त्याशिवाय डिसेंबरमध्ये तीन दिवसांची एखादी मोठी फेरी करण्याचा विचार आहे. गौताळा अभयारण्यातून सायकलने जाता येते का, आणि तेथे बिबट्यांचा वावर असताना ते कितपत शहाणपणाचे आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

घाटमाथा यांचे उत्तर

सर्वप्रथम ऋतूविषयी लिहितो, कारण मार्गापेक्षा ती बाब अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडचे जंगल पानगळीचे आहे. धावडा, सालई, पळस, खैर, अंजन आणि मधूनमधून सीताफळीची झुडपे असलेले हे डोंगर जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत हिरवे दिसतात, फेब्रुवारीत पळस फुलतो आणि मार्चनंतर सावलीच उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेल्यावर उघड्या बसाल्टच्या घाटात दहानंतर चढ चढणे हा निव्वळ वेडेपणा आहे. त्यामुळे "जंगलातला रस्ता" असे कोणी सांगितले, तर तो कोणत्या महिन्यात पाहिला हे आधी विचारून घ्यावे.

तुमच्यासाठी पहिला मार्ग अर्थातच दौलताबाद, खुलताबाद आणि म्हैसमाळ हा आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर आणि म्हैसमाळची 1067 मीटर, म्हणजे जाताना निव्वळ पाचशे मीटरची चढाई होते आणि जाऊन-येऊन अंतर साधारण ऐंशी किलोमीटर भरते. दौलताबादपर्यंतची चढण इतकी हलकी आहे की ती जाणवत नाही, केवळ वेग का वाढत नाही असे वाटत राहते. किल्ल्याच्या तटबंदीतील दगडी दरवाजातून रस्ता जातो, तेथे समोरून बस आली तर थांबावेच लागते, म्हणून सात वाजण्यापूर्वी तो दरवाजा ओलांडलेला बरा. त्यापुढचा खुलताबादचा घाट हा या मार्गावरचा पहिला खरा चढ आहे. त्याची वळणे रुंद आहेत आणि एक लय पकडून चढता येते.

खुलताबादहून म्हैसमाळ सुमारे बारा किलोमीटर आहे. हा टप्पा सलग चढाचा नसून चढ-उतारांचा आहे आणि शेवटी टेकडीच्या अंगावरून वर जाणारा भाग पायांची परीक्षा घेतो. वर गिरिजादेवीचे मंदिर आणि दूरदर्शनचा मनोरा आहे. मनोरा बराच आधीपासून दिसू लागतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज बांधू नये. पावसाळ्यातील रविवारी येथे चारचाकींची इतकी गर्दी होते की परतीच्या उतारावर ब्रेक सोडताच येत नाहीत. शक्य असेल तर कामाच्या दिवशी जावे. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी दौलताबाद-खुलताबाद पट्ट्यातील पर्यटकांच्या गाड्या बऱ्याच कमी असतात. याउलट श्रावणातील शनिवारी भद्रा मारुतीला रात्रीपासून पायी जाणारे भाविक रस्ताभर असतात आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी असते. हे दोन्ही दिवस सायकलसाठी वर्ज्य समजावेत.

अंतर वाढवायचे असेल तर आधी म्हैसमाळ करावे आणि नंतर खुलताबादहून वेरूळला उतरावे, असे पुष्कळजण सुचवतात. मला तो क्रम पटत नाही. वेरूळ घाटाच्या पायथ्याशी आहे, म्हणजे म्हैसमाळ झाल्यावर, ऊन चढलेले असताना, तो घाट पुन्हा चढावा लागतो. वेरूळसाठी वेगळा दिवस ठेवावा, किंवा पहाटे लवकर निघून वेरूळ आधी उरकावे. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून वाहत असतात, त्यामुळे पावसाळ्यात जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर असतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, तेव्हा परतीचा प्रवास सोपा जाईल हे गृहीत धरू नये.

जुनी सायकल यांचे उत्तर

मार्गांविषयी घाटमाथा यांनी योग्य तेच लिहिले आहे. मी फक्त सायकलीविषयी लिहितो. आपल्या मागच्या कॅसेटमधील, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचातील, सर्वांत मोठे चक्र 28 दात्यांचे असेल तर ते 32 किंवा 34 दात्यांचे करून घ्यावे, मात्र आपला डिरेल्युअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा) ते पेलतो का हे दुकानदाराकडून तपासून घ्यावे. घाटात सायकल ढकलत नेण्यात लाज नाही, परंतु अवजड गिअरवर गुडघे खर्ची घालण्यात अर्थही नाही.

दुसरी बाब काट्यांची. पावसाळा सरल्यावर साइडपट्टीवर सराटे पसरतात. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वरच राहतो आणि तो 25 मिलिमीटरच्या टायरमधून सहज आत जातो. मोटारीला वाट देण्यासाठी डांबरावरून खाली उतरलात की पंक्चर झालेच असे समजावे. प्रत्येकाजवळ दोन ट्यूब असाव्यात. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेला काटा शोधून काढावा, अन्यथा नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. गावातील पंक्चरच्या दुकानात रोड बाईकच्या ट्यूबच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला हवा भरता येत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर खिशात असू द्यावा.

कन्नडचा रहिवासी यांचे उत्तर

गौताळ्याविषयी विचारले आहे म्हणून सविस्तर लिहितो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर असून ते आपला जिल्हा आणि जळगाव जिल्हा यांत विभागलेले आहे. अजिंठ्याची रांग येथे उत्तरेकडे एकदम तुटते. आपण मराठवाड्याच्या बाजूने येतो तेव्हा पठारावरून येतो, म्हणजे घाट आपल्याला चढावा न लागता आधी उतरावा लागतो आणि चढ परतीसाठी शिल्लक राहतो. दौलताबाद-म्हैसमाळची सवय असलेले सायकलस्वार येथे नेमके याच गोष्टीने गोंधळतात. खाली खानदेशात पोहोचेपर्यंत सगळे खुशीत असतात. मग बारा वाजता, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या असताना, चढ सुरू होतो. चाळीसगावची उंची 350 मीटरच्या आत आहे आणि घाटमाथा त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे, एवढे ध्यानात ठेवून खाली उतरायचे की नाही हे ठरवावे.

शहरापासून कन्नड साठेक किलोमीटर आहे, त्यामुळे एका दिवसात तेथून येऊन परत जाणे तुमच्या शंभर किलोमीटरच्या मर्यादेत बसणार नाही. आदल्या संध्याकाळी कन्नडला मुक्काम करावा किंवा सायकली गाडीतून आणाव्यात. कन्नडहून हिवरखेड्याच्या बाजूने अभयारण्यात शिरणारा रस्ता गौताळा तलावाजवळून पुढे जातो आणि घाट उतरून नागदला निघतो. रस्ता अरुंद आहे, वाहने तुरळक आहेत आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी झाडी इतकी दाटून येते की वळणापलीकडचे दिसत नाही. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जावे, आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी बाहेर पडावे. डांबराची स्थिती दर पावसाळ्यानंतर बदलते, म्हणून नाक्यावरील वनरक्षकांना पुढचा रस्ता कसा आहे हे विचारून घेणे उत्तम. सीता न्हाणीचा धबधबा आणि पितळखोऱ्याची लेणी पाहायची असतील तर त्यासाठी पायऱ्या आणि पायवाट आहे. रोड बाईकच्या क्लीटच्या (तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असलेल्या) बुटांनी ओल्या पायऱ्या उतरू नयेत, पिशवीत साध्या चपला ठेवाव्यात.

कन्नड आणि चाळीसगाव यांच्यामधील औट्रम घाटाविषयी मात्र थोडे सावध राहून लिहितो. हा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आहे. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटातून जड वाहनांना बंदी करण्यात आली. त्यानंतर ट्रकच्या रांगा आणि धूर यांतून घाटाची बरीच सुटका झाली, परंतु मोटारी आणि एसटी बस यांचा वेग त्यामुळेच वाढला आहे. शिवाय घाटाचा कडा लाव्ह्याच्या थरांचा आहे. कठीण बसाल्टच्या खाली ठिसूळ, झिजलेला थर असतो, त्यात पाणी मुरले की वरचा खडक सुटतो. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस एका रात्रीच्या मुसळधार पावसाने येथे ठिकठिकाणी दरडी कोसळून घाट बंद पडला होता. सलग दोन-तीन दिवस झड लागली असेल तर या घाटात सायकल घालू नये.

घाटमाथा यांचे उत्तर

कन्नडच्या मित्रांनी सौम्य शब्दांत लिहिले आहे, मी स्पष्ट लिहितो. सायकलवर पहिल्यांदाच घाटात जाणाऱ्या गटाने औट्रम घाट उतरू नये. चढताना आपला वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो, आपण रस्त्याच्या कडेला असतो आणि मागून येणाऱ्याला आपण दिसतो. उतरताना आपण चाळिशी गाठतो, वळणावर रस्त्याच्या मध्यभागी ओढले जातो आणि ओव्हरटेक करणारी मोटार नेमकी त्याच वेळी समोर येते. नागदच्या बाजूने उतरून, चाळीसगावमार्गे औट्रम घाट चढून कन्नडला परत येणे ही दिशा मला अधिक सुरक्षित वाटते.

कन्नडचा रहिवासी यांचे उत्तर

दिशेबाबत सहमत आहे. फक्त एक भर घालतो. नागदकडील उतारावर वळणांत वाळलेली पाने आणि बारीक खडी साचलेली असते. मोटारीच्या चाकांनी ती कडेला ढकलली जाते, म्हणजे सायकलस्वार जेथून जातो नेमकी तेथेच येते. वळणाच्या आधीच ब्रेक लावून वेग कमी करावा, वळणात लावू नये.

चाकोरीबाहेर यांची पुढची शंका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिशेचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नसता. बिबट्यांविषयी मात्र कोणी लिहिले नाही. आमच्यातील एका मैत्रिणीच्या घरून याच कारणासाठी विरोध आहे, म्हणून विचारते.

कन्नडचा रहिवासी यांचे उत्तर

ताई, बिबट्या आहे, अस्वलही आहे, आणि 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याकडून चालत आलेला वाघही येथे कॅमेऱ्यात टिपला गेला. परंतु दिवसाउजेडी, चौघांच्या गटाने, डांबरी रस्ता न सोडता जाणाऱ्याला बिबट्यापेक्षा नीलगाय आणि रानडुक्कर यांपासून अधिक धोका आहे. नीलगाय झाडीतून एका झेपेत रस्त्यावर येते आणि उतारावर तिच्यासमोर ब्रेक लागत नाहीत. एक नीलगाय ओलांडून गेली की मागे आणखी असणार असे समजून थांबावे. अस्वल पहाटे आणि संध्याकाळी फिरते, म्हणून अंधारात निघण्याचा मोह टाळावा. मैत्रिणीच्या घरी एवढे सांगता येईल की सूर्य वर आल्यावर आत जायचे आणि दुपारी बाहेर यायचे.

बालाघाटकर यांचे उत्तर

चर्चा अजिंठ्याच्या रांगेतच अडकली आहे, म्हणून बीडच्या बाजूचे लिहितो. बीडहून दक्षिणेला निघाल्यावर मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर येता येते. येथे चढ सकाळी, ताज्या पायांनी होतो आणि परतताना उतार मिळतो, म्हणजे गौताळ्याच्या बरोबर उलट. घाट महामार्गावर आहे, परंतु रुंद आहे. मांजरसुंब्यानजीक कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे. तेथपर्यंतचा फाट्यावरचा रस्ता उताराचा आहे आणि परत वर येताना चांगलाच दमवतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे वळल्यावर खरी मजा सुरू होते. पठार मोकळे आहे, रस्ता लांबच लांब लाटांसारखा वर-खाली होतो, आणि नायगावचे मयूर अभयारण्य याच पाटोदा तालुक्यात आहे. ते 1994 मध्ये घोषित झाले. पावसाळ्याच्या तोंडाशी सकाळी मोर रस्त्याच्या कडेला सर्रास दिसतात. पुढे सौताड्याला विंचरणा नदी दरीत कोसळते आणि खाली रामेश्वराचे मंदिर आहे. मात्र येथे झाडीपेक्षा माळ अधिक आहे हे आधीच सांगतो. दाट सावलीच्या अपेक्षेने येऊ नये. वाऱ्याचेही तसेच: पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये डोंगरची सीताफळे रस्त्याच्या कडेला टोपल्यांत विकायला येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, परंतु चढावर खाण्यासाठी ते गैरसोयीचे फळ आहे, कारण दोन्ही हात गुंततात आणि बिया थुंकत बसावे लागते. त्यापेक्षा पेढा खिशात ठेवावा. या पट्ट्यात खवा उत्तम मिळतो आणि कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्धच आहे.

दोन सूचना. सोयाबीन आणि मका निघाल्यावर शेतकरी तो डांबरावर वाळत घालतात. एका बाजूचा निम्मा रस्ता व्यापलेला असतो आणि कडेला दगड लावलेले असतात. त्याबद्दल चिडू नये, पण मक्याच्या दाण्यांवरून रोड बाईक घसरते, म्हणून उतरून चालावे. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. दिवाळीच्या सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. त्यांना मागे दिवा नसतो आणि मागून काय येत आहे ते चालकाला दिसत नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर या रस्त्यांवर राहूच नये. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

धाराशिवच्या बाजूला येडशी-रामलिंग घाटाचे छोटे, बावीसेक चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. धाराशिवकरांसाठी सकाळची फेरी म्हणून ते छान आहे. केवळ त्यासाठी संभाजीनगरहून येण्याची गरज नाही.

पैनगंगाकाठ यांचे उत्तर

डिसेंबरमधील तीन दिवसांसाठी किनवट-माहूरचा विचार करावा, असे आग्रहाने सुचवतो. मराठवाड्यात खऱ्या अर्थाने सलग जंगल म्हणावे असे ते येथेच, नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला आहे. येथे मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा पाऊस अधिक पडतो, सागाचे वन आहे आणि डिसेंबरमध्ये पाने अजून झाडावर असतात. चढ लहान पण वारंवार येणारे आहेत. एकच मोठा घाट असा नाही.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर या मार्गाने किनवट सुमारे 140 किलोमीटर आहे आणि त्यातील पहिला निम्मा भाग शेतीचा सपाट मुलूख आहे. त्यापेक्षा मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्सप्रेस संभाजीनगर, नांदेड, मुदखेड करीत थेट किनवटला जाते, ती धरावी. पहिल्या दिवशी किनवट परिसरातच राहून इस्लापूरजवळील सहस्रकुंड धबधब्यापर्यंत जाऊन यावे. डिसेंबरमध्ये पैनगंगेचे पाणी बरेच आटलेले असते, परंतु काळ्या कातळाचे ते पात्र तेव्हाच नीट पाहता येते. कातळावर शेवाळ असते, कडेला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सारखणीमार्गे माहूर गाठावे. अंतर पन्नासेक किलोमीटर आहे आणि शेवटी गडाकडे जाणारा चढ चांगलाच तीव्र आहे. माहूरला रेणुकामातेचे ठाणे, दत्तशिखर आणि अनसूयाशिखर अशी तीन स्थाने वेगवेगळ्या टेकड्यांवर आहेत. तिन्ही सायकलने करायची म्हटल्यास तेवढ्याच परिसरात दिवसभराची चढाई होते. तिसऱ्या दिवशी त्याच मार्गाने किनवटला परत यावे.

तारखा ठरवताना दत्तजयंती पाहून घ्यावी. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुधा डिसेंबरमध्येच, माहूरला प्रचंड गर्दी होते. त्या आठवड्यात राहायला खोली मिळत नाही आणि घाटात वाहनांच्या रांगा लागतात. किनवट सोडल्यावर सायकलीचे सुटे भाग कोठेही मिळणार नाहीत. साखळी जोडण्याची कडी आणि एक जास्तीचा टायर सोबत असावा. मोबाइलची रेंज जंगलात मधूनमधून जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि चौघांनी पुढच्या गावाचा थांबा ठरवूनच निघावे.

चाकोरीबाहेर यांचे उत्तर

आमचे साधारण ठरले आहे. येत्या मंगळवारी रजा काढून म्हैसमाळ, सप्टेंबरमध्ये कन्नडला मुक्काम करून गौताळा, आणि डिसेंबरमध्ये दत्तजयंतीचा आठवडा टाळून किनवट-माहूर. औट्रम घाट चढायचा की नागदहूनच परत फिरायचे, हे त्या दिवशीच्या पावसावर सोडले आहे. रेल्वेने सायकली नेण्याचा अनुभव आम्हां कोणालाच नाही. त्यासाठी आधी काय करावे लागते?

जुनी सायकल यांचे उत्तर

प्रवासाचे तिकीट दाखवून पार्सल कार्यालयात सायकल सामान म्हणून नोंदवावी लागते आणि ती ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, येते. गाडीच्या वेळेच्या निदान दोन तास आधी पोहोचावे. पॅडल, बाटल्या, दिवे आणि सायकल कॉम्प्युटर काढून स्वतःजवळ ठेवावेत. मागच्या डिरेल्युअरला जुन्या कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा आधार द्यावा, कारण इतर सामान त्याच्यावरच रेलते. चिठ्ठीवर उतरण्याच्या स्थानकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ती फ्रेमला दोन ठिकाणी बांधावी. किनवटला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून तुमच्यापैकी दोघांनी आधीच्या स्थानकापासूनच सामान आवरून दारात उभे राहावे आणि उतरताच पावती घेऊन ब्रेक व्हॅनकडे जावे. ब्रेक व्हॅन पुढे आहे की मागे, हे संभाजीनगरला सायकली चढवतानाच पाहून ठेवावे.